बावन्न शुभेच्छुक आणि रखडलेलं पान

आमच्या सोलापुरात फ्लेक्स लावल्याशिवाय कशाचाही शुभारंभ होत नाही, आणि फ्लेक्सवर ज्याचा फोटो टाकायचा राहिला तो माणूस पुढची दहा वर्षं घरी पाऊल ठेवत नाही. माझ्या आत्याला हे पक्कं ठाऊक होतं. अक्कलकोट रस्त्याला तिची कडक भाकरी आणि शेंगाचटणीची शेड आहे. चौदा बायका तिथं कामाला असतात. मी वेबसाइट बनवते म्हणून तिनं मला बोलावलं आणि फोटोंनी भरलेला पेनड्राइव्ह हातावर ठेवला.

"फ्लेक्स चौकापुरता असतोय. ही येबसाइट साऱ्या जगात दिसनार. कुणालाबी सोडू नगंस."

मी कुणालाही सोडलं नाही. पहिल्याच पानावर बावन्न शुभेच्छुक बसवले. सगळे फोटो लग्नाच्या फोटोग्राफरनं काढलेले, भिंतीएवढे छापले तरी मिशीचा केस न् केस दिसेल असे. ही सगळी मंडळी संपली की तळाशी भाकरी. माझ्या ऑफिसच्या इंटरनेटवर पान छान उघडायचं, त्यामुळे मी स्वतःवर बेहद्द खूश होते. धंदा शिकून दहा वर्षं झाली, तरी साध्या मोबाइलवर एकदा उघडून बघावं एवढी अक्कल मला सुचली नाही.

मग पुण्याहून एका बाईंचा निरोप आला. त्यांची खाण्याच्या पदार्थांची चार-पाच दुकानं. आत्याच्या भाकरीची चव त्यांना आवडली होती, बाकी माहिती त्या वेबसाइटवर बघणार होत्या. 'पान उघडलंच नाही. गुरुवारी पुन्हा बघते. नंतर माल पुरवणाऱ्यांची यादी बंद होईल.'

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. लग्नसराई संपली की दरवर्षी ती निम्म्या बायकांना घरी बसवते आणि त्या दिवशी स्वतः जेवत नाही. पुण्याचं काम मिळालं तर चौदाजणींना बारमाही काम मिळणार होतं. तसं ती त्यांना सांगूनही बसली होती.

मी शेडवर गेले. आत्यानं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून पान उघडायला लावलं होतं आणि स्वतः तव्यापुढं बसली होती.

"बग की. एक भाकरी भाजून झाली, दुसरी थापून झाली, तवर वळसंगच्या भावजींचा निस्ता फेटा आलाय. तोंड अजून यायचंय."

वळसंगचे भावजी म्हणजे तिचे थोरले दीर, शुभेच्छुकांतले पहिले. तिसऱ्या भाकरीला त्यांच्या भुवया आल्या.

"आत्या, हे फोटो काढू या."

"कुणाचा काडू? शेडचे पत्रे ज्यानं दिले त्याचा, का लाईटचं मीटर ज्यानं लवकर बशीवलं त्याचा?"

मग मी फोटो हलके केले, म्हणजे दिसायला तसेच, पण मोबाइलला पेलतील असे. आत्यानं जुने-नवे शेजारी धरून तपासले. भावजींचा फेटा जराही बारीक झालेला नाही याची खात्री पटल्यावरच होकार दिला. शिवाय मी अशी सोय केली, की माणूस जसजसा खाली सरकेल तसतसे खालचे फोटो उतरतील. पान बरंच सुधारलं, आणि तासाभरात आत्याच्या चुलत जावयांचा फोन आला. त्यांचा नंबर एक्कावन्नावा.

"माजा फोटू सगळ्यांच्या मागनं येतोय. मुद्दाम केलंय का?"

मी डोक्याला हात लावला. बुधवार उजाडला होता. मी आत्याला स्पष्टच सांगितलं, एकतर हे बावन्न पहिल्या पानावर राहतील, नाहीतर त्या चौदा कामावर राहतील. आत्यानं तव्यावरची भाकरी उतरवली. मग तिनं पदरानं हात पुसले आणि फोन उचलला. त्या दिवशी बावन्नही घरी तिनं एकच वाक्य ऐकवलं.

"तितं गर्दीत बरं दिसंना, म्हून तुमाला सोतंत्र पान दिलंय की!"

सगळे खूश. भावजींनी तर नव्या पानावरही पहिला मान आपलाच असं धरून नवा फोटो काढून पाठवला. मी सगळी वरात मागच्या पानावर हलवली. आता पहिलं पान उघडायला डोळ्याची पापणी लवण्याएवढाही वेळ लागत नव्हता. समोर भाकरी, चटणी आणि फोन नंबर.

गुरुवारी पुण्याच्या बाईंचा फोन आला. आत्यानं तो स्पीकरवर लावला. चौदाजणी हातातलं काम थांबवून उभ्या.

"आता लगेच उघडलं. मागचं पानही बघितलं," बाई म्हणाल्या. "पण एक विचारू? भाकरी करतं कोण? एवढ्या माणसांत मला एकही बाई दिसली नाही."

आत्या माझ्याकडं बघायला लागली आणि मी तिच्याकडं. बावन्न फोटो मी एकेक करून हलके केले, वर-खाली हलवले. त्यात बाई नव्हती. खुद्द आत्याही नव्हती. हे दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नसतं तरी चाललं असतं, माझ्या यायला हवं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"करणाऱ्यांचा फोटो टाका, यादीत घेते," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

शेडमध्ये एकच गडबड उडाली. कुणी पदर सारखा करतंय, कुणी तव्यामागं लपतंय. आत्या सगळ्यांवर ओरडत होती आणि तिचे डोळे भरले होते. सगळ्यांत म्हातारी होती ती मात्र पिठाचे हात तसेच ठेवून माझ्यापुढं येऊन ताठ उभी राहिली.

"माजा फोटू निस्ता आदार कार्डावर हाय, बाई," ती म्हणाली. "त्यात मी हसल्याली न्हाय. आता काड."