तंबूच्या दारावरचं कुंकू

अमेरिकेत बॉथेल गावातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये दोन हजार चार साली तंबूंविषयी सगळ्यात जास्त कुणाला कळत असेल, तर मला. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरी करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही. दुपारभर इंटरनेट, नाहीतर लायब्ररी. दुसरी एखादी स्वेटर विणायला शिकली असती, मी तंबू शिकले.

त्याला कारण होतं. आदल्या उन्हाळ्यात मराठी मंडळींबरोबर आम्ही कॅम्पिंगला गेलो होतो. आत उभं राहता येईल असे अवाढव्य तंबू, गाडीतून उतरवून गाडीशेजारीच ठोकलेले. बायका कुकरच्या शिट्ट्यांकडे कान लावून, पुरुष पत्त्यांत. समोर एवढा डोंगर, त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. परतताना मी नवऱ्याला म्हटलं, "एकदा आपण दोघंच जाऊ या. चालत, त्या डोंगरावरच्या तळ्यापाशी."

"नक्की," तो म्हणाला. "पुढच्या ऑगस्टमध्ये. टेंट तू निवड."

ते मी वेड्यासारखं मनावर घेतलं. गाडीजवळ मुक्काम असेल तर वजनाला कोण विचारतं, हवा तेवढा मोठा घ्या. समुद्रकाठी वारा असतो, तिथे बुटका हवा. पण पाठीवर वाहायचा तर हलका, आणि आमच्या त्या पावसाळी मुलखात वरचं कव्हर जमिनीपर्यंत येणारं हवं, शिवाय ओले बूट काढायला दारापुढे आडोसा. दुकानात मांडलेल्या तंबूंत शिरून मी आडवी व्हायचे आणि शेजारी हात पसरून बघायचे, दुसऱ्याला जागा पुरेल का. दुसरा बाहेर फोनवर बोलत असायचा. मला आतून त्याचे बूट तेवढे दिसायचे.

शेवटी एक राखाडी रंगाचा पसंत पडला, बरोब्बर दोघांचा. घरी आणून हॉलमध्ये उभा केला, दाराला बाहेरून कुंकवाचं बोट लावलं, पुढे साखर ठेवली. मिक्सर असो की कॉम्प्युटर, नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, ही माझ्या माहेरची रीत.

नवऱ्याला हसू आवरेना. "टेंटला कुंकू कोण लावतं, यार?"

"मी लावते," म्हटलं, आणि तंबू घडी करून कपाटात ठेवला.

जुलैत त्याच्या प्रोजेक्टचं रिलीज आलं. शनिवार-रविवार ऑफिसमध्येच झोपावं लागेल म्हणाला. मी डबा दिला. टीममधल्या बाकीच्यांनाही होतील म्हणून जास्तीच्या पोळ्या आणि लसणीची चटणी.

ऑगस्टमध्ये, निघायच्या आधी एकदा बघून घ्यावा म्हणून तंबू काढला, तर कुबट वास आला. ओला तंबू कधी गुंडाळून ठेवायचा नसतो, हे मला तोंडपाठ होतं. उलगडला. आत झाडांचा कचरा, आणि दारावरच्या कुंकवाचा लाल ओघळ पार खालच्या काठापर्यंत. आमच्या हॉलमध्ये पाऊस पडत नाही.

संध्याकाळी नवरा आला. हॉलभर पसरलेला तंबू बघून सोफ्यावर बसला.

"अगं, ऑफिसमधले चौघं गेलो होतो. तुला सांगितलं असतं तर तू हट्ट धरला असतास."

"त्याच तळ्यावर?"

"हो."

"माझ्या जागी कोण झोपलं?"

"टीममधला एक. जाम घोरतो." आणि हसला.

मला इतका राग आला की रडूही येईना. मला फसवलं होतं, तेही मीच निवडलेल्या तंबूत, माझीच चटणी खात. ऑगस्टची ट्रिप मी कॅन्सल केली. त्याने एकदाच "का?" म्हणून विचारलं.

त्याच आठवड्यात फोन आला. त्या घोरणाऱ्याची बायको. "वहिनी, आम्हालाही टेंट घ्यायचाय. जुलैच्या ट्रिपला ह्यांना तुमचा फार आवडला. तुमच्या मिस्टरांनी म्हणे खूप रिसर्च करून घेतलाय. त्यांना जरा फोन देता?"

म्हणजे तिला माहीत होतं. बाकीचे सांगून गेले होते. खोटं बोलणारा एकटा माझाच, आणि वर माझी अक्कलही स्वतःच्या नावावर खपवून आलेला.

मी रिसीव्हर नवऱ्याच्या हातात दिला. त्याने थोडा वेळ "हो, हो" केलं, मग रिसीव्हरवर हात ठेवून हळूच मला विचारलं, "अगं, दोघांसाठी कुठला चांगला म्हणून सांगू?"

"आधी विचार," मी म्हटलं, "त्यातली दुसरी जागा तिची आहे का."