माळवदावरचा थर

लातूरला गवंड्यांना आणि ठेकेदारांना कमी सिमेंटची, कमी कार्बनची घरं बांधायला शिकवायचं काम मी घेतलं. पहिल्याच दिवशी दाबून केलेली मातीची वीट टेबलावर ठेवली, तसा एक ठेकेदार उठला. क्लासच्या पोरांसाठी त्यानं स्वतःचं होस्टेल बांधलेलं.

"मॅडम, भूकंपात मातीनंच मारलं लोकांना. तुमाला काय म्हाईत?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मला त्याच मातीखालून उकरून काढलंय. आईला काढलं, तेव्हा ती गेलेली होती."

मी थांबले नाही. आमच्या घराला माळवद होतं, मातीचं सपाट छत. ते गळू नये म्हणून वडील दरसाल पावसाआधी त्यावर मातीचा नवा थर टाकायचे. जुना कधीच काढला नाही. खालच्या भिंतींना एवढा भार पेलवेल का, हे कुणी पाहिलं नाही. यात मातीचा काय गुन्हा?

"तुमचं होस्टेल," मी त्याला विचारलं, "पाया भरला तेव्हा किती मजल्यांचं धरलं होतं?"

"दोन."

"आणि आज?"

"पाच. पोरं वाढायलीत, दरसाल एकच मजला चढवला."

"माझे वडीलही," मी म्हटलं, "दरसाल एकच थर चढवायचे."