जांभळ्या औषधाची दुपार

कांताबेन गेल्याचं मला त्यांच्या भावाच्या मुलीनं, हंसानं, फोनवर कळवलं. "फोई गई," एवढंच म्हणाली. फोनमधून त्यांच्या अंगणातल्या चिमण्या ऐकू येत होत्या... महिना होत आला त्याला. तरी दुपारी जेवून जरा डोळा लागला की मी अजून त्या लांबट वॉर्डात असते. पांढऱ्या भिंतीवर कडुनिंबाची सावली हलत असते, औषधाचा गोडसर वास असतो आणि कुणीतरी लहान आवाजात कण्हत असतं. जाग आल्यावर हातपाय हलवायला थोडा वेळ लागतो. वय झालं, असं सून म्हणते. म्हणू दे.

साठ साल उलटून गेलं होतं. चित्रकलेच्या परीक्षा पास झालेली मी, रनाळ्याच्या मास्तरांची मुलगी, लग्न ठरेपर्यंत करायचं काय, या प्रश्नासकट तळोद्याला मावशीकडे येऊन राहिले होते. कांताबेन मावशीच्या शेजारी राहायच्या. तापीकाठच्या गुजर घरातल्या. घरची केळी-कापसाची शेती सोडून नर्स झाल्या म्हणून नातलगांत भरपूर नावं ठेवून घेतलेल्या. एकदा ओट्यावर मी रांगोळी काढत होते, तर ड्युटीवर जाता जाता मागे येऊन उभ्या राहिल्या. छान बिन काही म्हणाल्या नाहीत. कौतुकाच्या बाबतीत बाई फार हात आखडता घ्यायच्या. "सकाय दवाखानामा ये," म्हणाल्या. "पोरे रडी रडी मन्हा जीव खाई ऱ्हायनात. त्यासले काही चित्रंबित्रं काढी दखाड." डॉक्टरांनाही त्यांनीच गळ घातली. डॉक्टर म्हणाले, काही दिवस येऊ दे, पण मुलांना त्रास झाला तर बंद. पगार नाही, नाव नाही, खुर्चीसुद्धा नाही. हल्ली अशा कामाचं रीतसर शिक्षण मिळतं म्हणे, त्याला उमेदवारीही करावी लागते. माझी उमेदवारी अशी ओट्यावरून सुरू झाली.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत रंगांची पेटी घेऊन गेले. मधल्या खाटेजवळ बसले, वाटीत पाणी घेतलं, त्यात जांभळा रंग कालवला आणि ब्रश वर उचलला. समोरच्या मुलानं जो भोंगा पसरला, त्यावर शेजारच्यानं, मग त्याच्या शेजारच्यानं, करता करता अख्खा वॉर्ड रडायला लागला. मला काही कळेना. कांताबेन धावत आल्या, माझ्या हातातला ब्रश पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या वॉर्डात जांभळा रंग फक्त एकाच गोष्टीचा होता. जखमेची पट्टी ओढून काढली की मागोमाग काडीला कापूस गुंडाळून जांभळं औषध यायचं. पोरांना माझा ब्रश म्हणजे तीच काडी वाटली. मी पेटी मिटली, डोळ्यांत पाणी आलं, उद्यापासून यायचं नाही असं ठरवून टाकलं. कांताबेन खाटेच्या कडेवर बसल्या. बाही वर सारली, उजवा हात त्या रडणाऱ्या मुलापुढे धरला, बोटं फाकवली आणि त्याच्या हातात औषधाची काडी दिली. "ले, तू मले लाव," म्हणाल्या. मुलगा हुंदके देत बघत राहिला. मग त्यानं त्यांच्या तळव्यावर एक रेघ ओढली... आणि थांबून, आता ही बाई रडते का, ते पाहिलं.

त्यानंतरच्या दुपारी सगळ्या एकाच रंगाच्या आठवतात. पट्टी बदलायच्या आधी कांताबेन हात पुढे करायच्या आणि पोरं त्यांना रंगवायची. कोपरापर्यंत वेली, हनुवटीवर ठिपका, कधी मिशासुद्धा. पाळी माझ्यावरही यायची. रंगवून झालं की रंगवणाऱ्याच्या पट्टीची पाळी, हा कायदा पोरांनीच केला. रडणं थांबलं असं नाही, पण त्यात आता भीती कमी होती. उन्हं कलली की जांभळ्या बोटांची मुलं निजायची, खिडकीबाहेर सातपुडा निळसर व्हायचा, आणि कांताबेन स्टुलावर बसल्या बसल्या चक्क घोरायच्या, मिशांसकट.

एक मोगी मात्र रंगवत नव्हती. डोंगरातल्या काठी गावाकडची पाच-सहा वर्षांची पोर, थंडीत चुलीशी बसलेली असताना विस्तवात हात गेलेला. जखम भरत आली होती, पण ती मूठ उघडत नव्हती. कुणी जवळ गेलं की हात काखेत. डॉक्टरांनी तिच्या आईला स्पष्ट सांगितलं होतं, बोटं आता उघडली नाहीत तर कातडी जुळून येईल आणि हात जन्मभर तसाच राहील. आई दिवसभर खाटेपाशी जमिनीवर बसून असायची. कांताबेनना डोंगरातली बोली येत होती, त्यांच्या शेतावर तिकडची माणसं कापूस वेचायला यायची. पण मोगीपुढे त्यांची बोली चालेना. मला फार राग यायचा. देवाचा, चुलीचा, कुणाकुणाचा. कांताबेन म्हणायच्या, "तिन्हा हात शे. तीच उघाडी."

एका दुपारी पोरांनी कांताबेनच्या हातावर नुसते ठिपके काढले होते, मनगटापासून खांद्यापर्यंत. मोगीच्या आईनं ते पाहिले आणि पदर तोंडावर धरून हसायला लागली. तिला आम्ही हसताना कधी पाहिलंच नव्हतं. कांताबेनना ती काहीतरी म्हणाली. होळीला आमचे गडी अंगावर राखेचे असेच ठिपके काढून नाचतात, पण ते असे वाकडेतिकडे नसतात, असा त्याचा अर्थ. मग उठली, माझ्या हातातली काडी घेतली आणि मोगीच्या खांद्यावर एक ठिपका ठेवला. मोगीनं अंग चोरलं. आईनं दुसरा ठेवला, तिसरा ठेवला, तोंडानं ढोलाचा ठेका धरत. ठिपक्यांची रांग दंडावरून खाली आली, कोपर ओलांडून मनगटावर आली आणि मुठीपाशी थांबली. ठेकाही थांबला. आई काडी तशीच धरून बसून राहिली. मोगी रांगेकडे बघत होती... इतकी छान रांग, आणि मध्येच तुटलेली. मग करंगळी हलली. आधी ती उघडली, मग तिच्या शेजारची. दुखत होतं, ओठ थरथरत होते, पण ती एकेक बोट उघडत गेली आणि आई एकेका बोटावर ठिपका ठेवत गेली, आणि शेवटी सगळ्या तळव्याला, बोटांना औषध लावून मोकळी झाली. तेवढ्यात कळ आली म्हणून की काय, मोगी पुढे झुकली आणि समोर उभ्या असलेल्या कांताबेनच्या पोटावर तिनं तो हात टेकवला.

पांढऱ्या कोऱ्या एप्रनवर औषध उमटलेलं पाहून मोठ्या सिस्टर संतापल्या. गणवेशाची ही दशा? कांताबेन मान खाली घालून म्हणाल्या, "धोवाले टाकस." दुसऱ्या दिवशी त्या दुसरा एप्रन घालून आल्या, आणि मला वाटलं, पहिला धोब्याकडे गेला.

मी पुढे बरीच वर्षं त्या वॉर्डात जात राहिले. मोगी हात हलवत घरी गेली. गेल्या दिवाळीत कांताबेनना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. पण निघताना त्यांचा हात हातात घ्यायला गेले, तर त्यांनी तळवा वर करून बोटं फाकवली आणि वाट बघत राहिल्या. मी त्यावर नुसतंच बोट फिरवलं. त्या समाधानानं हसल्या.

परवा हंसाकडे जाऊन आले. फोईची ट्रंक उघडायला तिला सोबत हवी होती. वर लुगडी, त्याखाली शाल, आणि तळाशी घडी केलेला एप्रन. उलगडला. कापड पिवळं पडलं होतं, जांभळा रंग विटून राखाडीकडे झुकला होता. हंसा म्हणाली, "फोईने हा कधी धुतलाच नाही वाटतं." मी खाली बसले आणि मांडीवर तो पसरला. पोटाच्या जागी लहानसा तळवा होता. मी बोटं मोजली. पाचही वेगळी होती.