अंबुजाक्कांची रिकामी जागा

कोणी शुभेच्छापत्र हातात दिले की अंबुजाक्का त्यावरचा मजकूर वाचत नसत. आधी तळहाताने एकेक भाग झाकून बघत. कोपऱ्यातले फुलपाखरू झाकत, मग सोनेरी वेलबुट्टी, मग रिबीन. "हें नसलें तर काय बिघडतें?" असे विचारत आणि उत्तर यायच्या आत कात्री शोधू लागत. मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती मी केलेले असेच एक पत्र घेऊन. बरोब्बर मध्यभागी वाळवलेला गुलाब, भोवती चमकीची महिरप. त्यांनी झाकत झाकत शेवटी एक पाकळी शिल्लक ठेवली आणि म्हणाल्या, "एवढें बरें आहे." मला इतका राग आला की पुढच्या शनिवारी मी परत गेले, आणि मग जातच राहिले.

तंजावूरच्या मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर राजवाड्यामागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत फुलांची पत्रे करू लागल्या. गोकर्ण, अबोली, कालव्याकाठच्या गवताचे तुरे, कधी भाताची एखादी लोंबी. दव वाळले की खुडायचे, जुन्या वर्तमानपत्रात घालून वर पाटा ठेवायचा आणि पंधरा दिवस उघडून बघायचे नाही. मी एकदा चौथ्या दिवशी उघडून बघितले, तर गोकर्ण कागदालाच चिकटून फाटले. आठवडाभर त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मांडणीचे त्यांचे नियम ठरलेले. फुले तीन नाहीतर पाच. जड फूल खाली. देठाचे तोंड कागदाच्या आत, कारण "डोळा आंत येऊन बसला पाहिजे, बाहेर पळाला नको." आणि शेवटचे फूल बसले की त्या माझा हात धरत आणि तमिळमध्ये ओरडत, "पोदुम!" पुरे! उरलेला दोन तृतीयांश कागद कोरा राहायचा.

आमच्या गावाला हे कसे पटावे? इथे चित्र म्हणजे मध्यभागी गुबगुबीत देव, भोवती सोन्याचा वर्ख, खडे, कमानी, बोटभर जागा मोकळी नाही. लोक अक्कांची पत्रे उलटसुलट करून विचारायचे, "अर्धेंच केलें कां?" त्या चिडायच्या. "ती जागा धाडणाराची. त्यानें आपल्या हातानें चार शब्द लिहायास नको? आपली मराठी तमिळ अक्षरांत लिही, वाकडी लिही, पण तूं लिही!"

एका नवरात्रात आमच्या इथल्या मराठी समाजाच्या सभागृहात कोलूशेजारी, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांशेजारी, त्यांची चाळीस पत्रे मांडायचे ठरले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिले प्रदर्शन. अक्का वरवर म्हणायच्या, "मज काय त्याचें," पण नवी साडी आणली होती. पत्रे मी पोचवली. दुसऱ्या दिवशी दोऱ्या बांधायला गेले, तर समाजाचे कार्यदर्शी, म्हणजे सचिव, हणमंतराव प्रत्येक पत्राच्या कोऱ्या जागेवर सोनेरी शिक्का मारून घेत होते. 'हार्दिक शुभेच्छा', तेही देवनागरीत! त्या सभागृहात देवनागरी वाचणारी आम्ही मोजून पाच-सात माणसे. "इतकी जागा वाया गेली होती ग," ते कौतुकाने म्हणाले, "कसें दिसतें?"

आणि मी म्हणाले, "छान."

हे लिहितानाही माझ्या कानांच्या पाळ्या तापतात. त्यांचा राग येतो तो येतोच. फुले ज्याने खुडली नाहीत, वाळवली नाहीत, त्याने बेलाशक शिक्का मारावा? पण त्यांना निदान कळत नव्हते. मला कळत होते.

संध्याकाळी अक्का आल्या. पहिल्या पत्रापाशी थांबल्या आणि शिक्क्यावर तळहात ठेवला. मग दुसऱ्या पत्रावर, मग तिसऱ्या. हळदीकुंकू घेणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. अक्कांनी दोरीवरचा चिमटा काढून पत्र उलटे केले आणि पुन्हा दोरीला लावले. सगळी चाळीस पत्रे पाठमोरी.

"अक्का, आतां लोक काय बघणार?" हणमंतराव हडबडले.

"मागची बाजू बघूं देत. इथें तुमचा हात पोचला नाही."

मग माझ्याकडे वळल्या. "तूं होतीस ना तिथें?"

"होते."

"देवानें हात दिला तो चित्र झाकून बघायास. तोंड झाकायास नव्हे."

त्यानंतर त्यांनी कुठे प्रदर्शन केले नाही. हणमंतरावांनी दोनदा विचारले, दोनदा दार लागले. माझ्यासाठी मात्र शनिवारी उघडे असायचे, आणि त्या प्रसंगाचा त्यांनी पुन्हा कधी उल्लेख केला नाही. तो केला असता तर मला सोपे गेले असते.

गेल्या महिन्यात अक्का गेल्या. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी, त्यांच्याच भिंतीवर, समाजाने श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. बरोब्बर मध्यभागी अक्का. भोवती सोनेरी चौकट, दोन हंस, कमळे, डोक्यामागे तेजोवलय आणि खाली सगळ्या पदाधिकाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. मी रस्त्यात उभी राहिले, एक डोळा मिटला आणि तळहात धरला. हंस झाकले. काही बिघडले नाही. कमळे झाकली. पदाधिकारी झाकले. काहीच बिघडले नाही.

हणमंतराव शेजारीच उभे होते. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. "कसें दिसतें ग?" त्यांनी विचारले.

"वाईट," मी म्हणाले. "उतरवा." आणि खालच्या कोपऱ्याची दोरी सोडायला लागले.

"अग, पण एवढी भिंत रिकामी दिसेल की!"

"दिसू द्या."