आतोबांनी शोधलेला खुनी

रत्नागिरीत खुनी नाही असा एकही माणूस नाही, असं ठामपणे मानणारे एकच गृहस्थ आहेत आणि ते माझे आतोबा आहेत. "काहींनी अजून सुरुवात केलेली नाही, एवढाच फरक," असं ते म्हणतात आणि म्हणताना समोरच्याच्या बोटांकडे रोखून बघतात. पहिल्यांदा भेटणारा माणूस नकळत हात खिशात घालतो. मग आतोबा माझ्याकडे वळून मान डोलावतात. लपवले ना हात, म्हणजे संपलंच.

आतोबा मूळचे मिरजेकडचे. कोर्टात कारकून म्हणून इथे आले, आमच्या शेजारी खोली घेऊन राहिले आणि माझ्या आत्याशी लग्न करून इथलेच झाले. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मासळी वर्ज्य. आत्येचा तर माशाशिवाय घास उतरत नसे. तिने मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडली आणि ती बांगडे तळायला बसली की आतोबा नाकाला रुमाल लावून पुढच्या ओटीवर वर्तमानपत्र वाचत. अख्खा संसार त्यांनी असा एका रुमालाच्या आधाराने सुखाने केला. इतकी वर्षं रत्नागिरीत काढूनही सुरमई आणि बोंबील यांतला फरक त्यांना सांगता येत नसे आणि याचा त्यांना अभिमान होता.

नोकरीभर खुनाच्या खटल्यांचे कागद हाताळले आणि निवृत्तीनंतर हातात मोबाइल आला. त्यावर त्यांना सवयींवरून खुनी हुडकायचं प्रोफायलिंग सापडलं. तेव्हापासून आमच्याकडे सणासुदीलाही सीरियल किलरशिवाय दुसरा विषय निघत नाही. "एकच खून करणारा सोपा असतो रे," ते मला पुरणपोळी वाढता वाढता समजावतात. "जमीन, बाई, दारू, काहीतरी कारण सापडतंच. पण जो एकामागून एक मारत जातो, त्याचा मेलेल्याशी काही संबंधच नसतो बघ. मग शोधायचा कसा? त्याच्या सवयींवरून. कुठं मारतो, कसा मारतो, मारल्यावर काय करतो. मारायची पद्धत तो सुधारत जाईल, पण त्याची जी खोड असते ना, ती त्याला सोडता येत नाही. खोडीवरून माणूस ओळखायचा." यातलं बरंचसं खरं असावं, कारण हे बोलताना ते चेष्टा करत नसत. "प्रोफाइल नाव सांगत नाही लेका, रांग लहान करतं. शंभरातले नव्वद घरी पाठवायचे आणि उरलेल्या दहांत पुरावा शोधायचा." हे शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः लक्षात ठेवलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

त्यांचं प्रोफायलिंग घरच्यांपासून सुरू होतं. माझ्या मुलीला बघायला मंडळी आली, पोहे झाले, मुलाची नोकरी विचारून झाली आणि आतोबांनी एकदम पुढे सरून मुलाला विचारलं, "लहानपणी काही जाळलं होतंत का?" बिचारा घाबरून म्हणाला, "होळी." लग्न झालं, जावई भला निघाला, तरी दर शिमग्याला आतोबा मुलीला फोन करून तिची खुशाली जरा वेगळ्याच आवाजात विचारतात. माझ्याकडे चहा घेताना मी आत वळलो की ते आमचे कप बदलतात. मीही, ते घड्याळ बघायला वळले की पुन्हा बदलतो. एकमेकांवर इतका जीव असलेली आमच्याइतकी संशयी माणसं आळीत दुसरी नसतील.

आत्या गेली त्याला फार काळ झाला नाही. ती गेल्यावर आतोबांनी जाहीर केलं की मागच्या दारी बसणारी तिची मांजरं आता चालायची नाहीत. मांजरं काही हलली नाहीत. मग गेल्या थंडीत ती एकेक करून मरायला लागली. एक विहिरीमागे सापडलं, एक उभ्या रिक्षेखाली. अंगावर ओरखडा नाही, नुसते पाय लुळे पडलेले. तिसरं गेल्यावर आतोबांनी आळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपला निष्कर्ष बोलून पाठवला. "झटापट नाही. म्हणजे मारणारा मांजरांच्या विश्वासातला आहे. पुरुष. एकटा राहणारा. अतिशय शिस्तीचा. आळीतलाच. तपासात पुढे पुढे करील, त्याच्यावर नजर ठेवा."

ग्रुपवर सगळ्यांत पुढे पुढे करणारे आतोबाच होते, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी आळीचा नकाशा काढला, मेलेल्या मांजरांच्या जागी फुल्या मारल्या आणि जेवणाचं ताट पालथं घालून भोवती वर्तुळ आखलं. मध्यबिंदू नेमका त्यांच्याच परसात आला. "बघितलंस? माझ्यावर आळ यावा म्हणून मुद्दाम," असं म्हणून त्यांनी ताट दोन बोटं उजवीकडे सरकवलं. आता मध्यबिंदू शेजारच्या माडीवर आला.

माडीवर एक तरुण भाडेकरू राहत होता. नांदेडकडचा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. एकटा, अबोल, रबरी हातमोजे वाळत घालणारा. "आणि चपला बघ त्याच्या," आतोबा कुजबुजले, "भिंतीला काटकोनात." आतोबांच्या चपलाही आयुष्यभर भिंतीला काटकोनात असतात, हे मी तेव्हा बोललो नाही. आळीत मात्र बोलणं पसरलं. माडीच्या मालकीणबाईंनी घरात लिंबू-मिरची टांगली आणि पोराला खोली सोडायला सांगितली. "मी एकटी बाईमाणूस हो," त्या मला म्हणाल्या, "आज मांजरा, उद्या माझा नंबर लागला तर? नाय ओ, मला नको असला भाडेकरू."

पोरगा आतोबांकडे आला. "काका, तुम्ही सांगा ना त्यांना. माझं नाव सगळ्या ग्रुपवर फिरतंय. आता दुसरीकडे तरी मला खोली कोण देणार?" आतोबांनी त्याच्या बोटांकडे बघितलं. त्याने हात खिशात घातले नाहीत, पण त्याचं आतोबांना काहीच वाटलं नाही. मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला.

रविवारी तो खोली सोडणार होता. सकाळीच चार शब्द सुनवायचे ठरवून मी आतोबांकडे गेलो. पुढचं दार बंद, म्हणून मागच्या दारी गेलो. आतोबा पडवीत उकिडवे बसले होते. नाकातोंडाला तोच तो रुमाल बांधलेला, मान पार दुसरीकडे वळवलेली, आणि चिमट्याने एका पिशवीतले मासे आत्येच्या जर्मनच्या ताटात टाकणं चाललेलं. मला बघून ते असे दचकले की चिमटाच पडला.

"कुणाला सांगू नकोस," रुमालाआडून आवाज आला. "तुझी आत्या गेली तरी ही रोज दाराशी येऊन बसतात रे. दूधभात करून घातला, शिवत नाहीत. मग काय करायचं?"

मी ताटाकडे बघितलं. दोन बारीक मासळ्या आणि एक फुगीर, गोल, पुढे दात असलेला मासा. "आतोबा, हे आणलंत कुठून?"

"बंदरावरून. जाळी झाडताना बाजूला टाकतात. बाजारात माळकऱ्यानं मासे घेतले तर लोक काय म्हणतील? म्हणून टाकलेलेच उचलतो. हा गोल तर किती गुटगुटीत आहे बघ, का टाकतात कोण जाणे."

"आतोबा, हा केंड आहे. विषारी असतो. म्हणून टाकतात."

रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही केंड ठाऊक असतो. आतोबांना तो सांगायची वेळ आत्येवर कधी आलीच नव्हती.  आतोबांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "झटापट नव्हती," ते हळूच म्हणाले. "विश्वासातलाच माणूस होता."  सुनवायचे चारही शब्द सोडून मी पडलेला चिमटा उचलून ठेवला.

ते उठले, ताट पुरून टाकायला माझ्या हातात दिलं आणि चपला न घालता सरळ शेजारी गेले. जिन्याच्या पायरीवर पोराची ट्रंक आली होती, आळी जमली होती. आतोबांनी रुमाल गळ्यात ओढला आणि कोर्टात पुकारा व्हावा तशा आवाजात बोलायला लागले. "पुरुष. साठी उलटलेली. एकटा. शिस्तीचा. घर वर्तुळाच्या मध्यावर. तपासात पुढे पुढे करणारा. मांजरांना बंदरावरचे केंड कुणी घातले? मी घातले."

"तुम्ही?" मालकीणबाई म्हणाल्या. "काय बोलताय ओ! तुम्ही तर मासळीच्या वासाला रस्ता बदलता!"

"म्हणूनच मला केंड ओळखता आला नाही," आतोबा म्हणाले आणि त्यांनी पोरापुढे हात जोडले. "ट्रंक वर ने लेका. मी पुरावा बघितलाच नाही. मला माफ कर."

पोराने तांब्या-भांडं आणलं. आतोबांनी भांडं घेतलं, त्यात न डोकावता, इकडेतिकडे न बघता एका दमात रिकामं केलं. त्यांना असं पाणी पिताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. माझे डोळे भरून आले. मालकीणबाईंनी स्वतः ट्रंकेची एक बाजू उचलून धरली.

आत्येच्या मांजरांपैकी एकच उरलं आहे. एक कान फाटलेली म्हातारी मांजरी. ती वाचली, कारण आत्येशिवाय तिने कुणाच्या हातचं कधी खाल्लंच नव्हतं. आतोबांनी वाढलेलं ताट ती नुसतं हुंगायची आणि दूर जाऊन बसायची, पोट उंदरांवर भरायची. आता आतोबा माझ्याबरोबर भर बाजारात जातात, माळ सदऱ्याबाहेर ठेवून मासे घेतात आणि विकणाऱ्या बाईला दोनदोनदा विचारतात, "मांजराला चालेल ना, बाई?" घरी आल्यावर ताट मांडतात आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. रुमाल आता बांधत नाहीत. मांजरी आधी माशाकडे बघते, मग कितीतरी वेळ त्यांच्या बोटांकडे. परवा मी म्हटलं, "आतोबा, आत चला, म्हणजे ती खाईल तरी."

"घेऊ दे तिला संशय," ते म्हणाले. "तिचा हक्कच आहे."

आणि ते तिथेच बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे उघडे.