मिठागराची जीभ

सुरुवातीलाच माफी मागतो. जेवणाबद्दल लिहिणाऱ्याने पुष्कळ ठिकाणी जेवलेलं असावं. मी बारावी होईपर्यंत हॉटेलची पायरी चढायचो ती घरातल्या कुणाच्या लग्नाचा बस्ता बांधायला पनवेलला आलो की, आणि तेव्हाही आमची धाव मिसळीपर्यंतच. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. दुसऱ्याच्या हातच्या जेवणाला बरं-वाईट म्हणायचा अधिकार तुला कुणी दिला, असं कुणीही खुशाल विचारावं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना पनवेलच्या एका साप्ताहिकाच्या संपादक मॅडम आमच्या कॉलेजात बोलायला आल्या होत्या. गावातल्या खाण्याच्या जागांवर लिहायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी हात वर केला. आधी तीन लेख लिहून दाखव, जमले तर सदर तुझं, नाहीतर दुसरा मुलगा बघते, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला ते सदर इतकं हवं होतं, की घरी सांगताना मी ते अगदीच किरकोळ असल्यासारखं सांगितलं.

बाबा म्हणाले, "जेवाचा आन लिवाचा? मंग तुला कशाला, मला ठेवा म्हनाव."

मी करंजाडेला बिर्याणी खाल्ली, विचुंब्याला मिसळ खाल्ली आणि पनवेलच्या जुन्या भागात एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मावशींकडे मटण. त्यांनी घराच्या ओटीवरच चार टेबलं मांडली आहेत. शनिवारी बंद असतं. तिन्ही लेख घेऊन मी मॅडमसमोर बसलो. त्यांनी ते एकामागून एक वाचले आणि चष्मा काढला.

"बिर्याणीत मीठ कमी. मिसळीत मीठ कमी. मटण तर चक्क अळणी. पनवेलमधलं मीठ संपलंय का रे?"

"मॅडम, मला खरंच तसं लागलं."

"घर कुठे तुझं?"

"गव्हाण. आधी आमच्या घरचे सगळे मिठागरावर होते."

त्या हसल्या, पण मला लागेल असं नाही. "अरे, मग तुझी जीभ मिठात मुरलीय. वाचणाऱ्याला ते कसं कळणार? मटणाचा लेख परत लिही. मग बघू."

त्या संध्याकाळी मी घरातलं जेवण पहिल्यांदाच नीट पाहिलं. आईने आमटी उतरवली, चाखली आणि वरून खड्याचं मीठ टाकलं. ताटात प्रत्येकाला पुन्हा मीठ वेगळं वाढलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते संपवलं. आमचं मिठागर गेलं, बाबा आता टेम्पो चालवतात, पण उरणकडच्या मामांकडून मिठाची गोण अजून येते. आमच्यात अळणी हा शब्द नुसता जेवणाला लावत नाहीत. कमी बोलणारा नवरामुलगा अळणी, पाहुण्याला आग्रह झाला नाही ते लग्न अळणी. मी तो शब्द त्या मावशींच्या मटणाला लावला होता.

रविवारी मी बाबांना घेऊन मावशींकडे गेलो. माझी जीभ बाबांकडूनच आली होती, तेव्हा ती काय म्हणते ते बघावं असं वाटलं. बाबांनी पहिला घास घेतला आणि आत हाक मारली.

"बाय, मीठ हाय का?"

मावशी वाटी घेऊन आल्या. "कमी पडलं का, दादा? मटण तर आधी मिठातच ठेवलं होतं. रक्त उतरलं की मग धुऊन घ्यायचं, अशी आमच्यात पद्धत आहे."

"काय धुवाचा?"

"मीठ."

बाबांचा हात ताटातच थांबला. "आमी जल्मभर मीठ पिकवला, आन तुमी धुवून टाकता?"

"सगळं नाही हो टाकत! रश्शात वेगळं घालते की."

"किती? मुंगीला पुरल इतका?"

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, की या कामाला बारीक मीठ चालत नाही, खडाच लागतो, आणि त्यांच्या सासूबाई तो गव्हाणकडूनच आणवायच्या.

"आमचाच आसल," बाबा म्हणाले, आणि त्यांनी वाटीतलं मीठ न घेताच ती बाजूला सारली. पुढचं सगळं जेवण त्यांनी तसंच संपवलं. मीही मग मीठ शोधायचं सोडून दिलं. तेव्हा कुठे मला नारळाचं दूध लागलं, हिरवी कोथिंबीर लागली. आधीच्या वेळीही ती दोन्ही तिथेच होती.

लेख मी परत लिहिला. जेवणारी जीभ कुठली आहे ते आधी सांगितलं, मग बाबांचं आणि मावशींचं बोलणं, आणि शेवटी ते नारळाचं दूध. पाठवून दिला.

त्यानंतर काहीच कळलं नाही. परीक्षा आली आणि गेली. साप्ताहिकाच्या कचेरीवरून जाताना मी रस्त्याच्या पलीकडून चालायचो. विचारलं तर मॅडम कदाचित नाही म्हणतील. न विचारलं तर अजून तरी काही म्हणालेल्या नाहीत, असा माझा हिशेब होता. सदर दुसऱ्या मुलाला दिलं असेल, असं मी हळूहळू धरून चाललो होतो.

मग एका गुरुवारी बाबा मावशींकडे मामांकडून आलेलं खड्याचं मीठ पोचवायला टेम्पो घेऊन गेले. परत आले ते काखेत साप्ताहिक घेऊन.

"त्या बायनी दिला. तुझा नाव हाय यात."

आई हात पुसत बाहेर आली. बाबांनी अंक ओटीवर पसरला आणि ते अक्षरांखाली बोट धरून सावकाश वाचू लागले.

"मि-ठा-ग-रा-ची जीभ. हां, बरोबर हाय. पन तुझ्या नावाखाली 'दर गुरुवारी' आसा लिवलाय. म्हंजे काय रं?"