सुजाताचं मॉडेलिंग

गावाकडून निघून प्रयोगशाळांत पोचलेल्या माझ्या भावाबहिणींनो, आपलं एक दुखणं सारखं आहे. आपण दिवसभर काय करतो, हे आपल्या घरी सांगता येत नाही. शिकताना आपली भाषा चपलांसारखी दाराबाहेर काढायला लावली, आणि परत निघताना ती जागेवर नसते. या दुखण्याचा शेवट कुठे होतो, ते मी एटापल्लीत पाहून आलो.

सुजाता माझ्या शेजारच्या टेबलावर बसून संशोधन करायची. सिकलसेल या रक्ताच्या आजाराने ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बुद्धविहारातल्या स्मरणसभेला, मी पुण्याहून तिच्या गावी, एटापल्लीला निघालो.

रेल्वेने चंद्रपूरला उतरलात की स्टँडबाहेर तर्रीपोहे खाऊन घ्या. मग थेट आलापल्लीलाच पोटभर मिळेल. सकाळचीच एसटी धरा आणि रोख पैसे जवळ ठेवा, पुढे मोबाइलची रेंज भरवशाची नाही. आष्टीला वैनगंगा ओलांडली की जंगल दाटत जातं. डोळे निवावेत असा साग, पण रस्त्याकडेची पानं खनिजाच्या ट्रकांनी तांबडी केलेली. या जिल्ह्याच्या पोटातलं लोखंड बाहेर न्यायला चाकं कमी पडत नाहीत. आजारी माणूस न्यायचा झाला की मात्र गाडी शोधावी लागते.

आलापल्लीला एक बाई शेजारी बसली.

"कोनाकडं चालले भाऊ?"

"देवाजीभाऊंकडे. सुजाताच्या कार्यक्रमाला."

"ते पुण्याले मॉडेलिंग करे, तेच पोरगी ना?"

मागच्या सीटवरचा माणूस तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात घोळवत म्हणाला, "फोटो तं कुठी दिसला नाई तिचा."

"मेल्यावर तरी सोड ना बे तिले," बाई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

देवाजीभाऊ, सुजाताचे वडील, लाकूड डेपोत मजुरी करून म्हातारे झालेले. घरी पोचल्यावर पाण्याचा तांब्या माझ्या हाती देऊन ते जवळ सरकले.

"तुमी तिच्या संगं होते. खरं सांगा. पोरगी कपडे दाखवत फिरे का?"

तेव्हा कुठे मला कळलं. फोनवर ती सांगायची, 'बाबा, मॉडेलिंग करून राह्यली.' दुसरा शब्द तिला कुणी दिलाच नव्हता. गावाने त्याचा गावाला माहीत असलेला अर्थ लावला.

मी म्हणालो, "भाऊ, कांद्याचा पापुद्रा असतो ना, त्याहून कितीतरी पातळ, एकदोन अणूंच्या जाडीचा पापुद्रा असतो. त्यावर रंगासारख्या रेणूंचा दुसरा थर. उजेड पडला की त्या दोघांच्या मधे विजेचे कण सुटे होतात. कुठल्या पापुद्र्यावर कुठला थर, किती तिरपा ठेवला म्हणजे ते चांगले सुटतील, हे ती कॉम्प्युटरवर गणित मांडून आधीच पाहायची. पुढे कोणी कापडासारखे घडी घालता येणारे सोलर पत्रे करील. त्या मांडणीला मॉडेल म्हणतात."

त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला.

"मी तिले म्हटलं, ते मॉडेलिंग सोड, नाईतं घरी नोको येऊ. ते रडली. म्हने, बाबा, माह्या जगन्यात तेच तं आहे. मले वाटलं, पोरगी हातची गेली."

सुजाता मला म्हणाली होती, 'बाबांना माझं शिकणंच नको झालंय.' हे मी त्यांना सांगितलं नाही.

तिची आई चुलीपुढून म्हणाली, "असं कांद्यावानी तिनं आमाले काऊन नाई सांगतलं?"

विहारात वंदना झाली. मी भाषण तयार करून नेलं होतं, सभा हलवणारं. देवाजीभाऊंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला बसवलं आणि स्वतः उठले.

"माही पोरगी उजेडाचं गनित करे," ते म्हणाले. "मले आज समजलं."

एवढंच बोलून खाली बसले. एसटीतला खर्रावाला दाराशी होता. त्याने मान वर केली नाही.

मी पुण्याला परतलो. शेजारचं टेबल रिकामं आहे. आमच्या दोघांचा शोधनिबंध छापून येईल, चांगल्या इंग्रजीत, आणि एटापल्लीत तो कुणी वाचणार नाही.

म्हणून तुम्हाला एकच सांगतो. आज घरी फोन लावा. तुमचं काम घरच्या बोलीत, घरातल्याच वस्तू घेऊन सांगा, आणि पलीकडचं माणूस ते आपल्या शब्दांत तुम्हाला परत सांगेपर्यंत फोन ठेवू नका.